आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे!

चांदूर रेल्वेहून अमरावतीकडे निघालं की मालखेड-पोहऱ्याचं जंगल लागतं. एप्रिल-मेमध्ये ते पार उघडं पडतं. सागाला पान नाही, सालईला नाही, धावड्याला नाही. पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि दुपारी बारानंतर गुरंसुद्धा सावली सोडत नाहीत. अशा दिवसांत ऑर्किडचा विषय काढला तर कोणीही म्हणेल, "आपल्या वऱ्हाडात कुठून आलं बापा ऑर्किड?"

आलं नाही, इथलंच आहे. मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात. विदर्भाच्या पानगळीच्या रानांत, मेळघाटात, जुन्या आंब्यामोहाच्या खोडावर एक आमरी याच होरपळीत कळ्या धरते. शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा; काही भागांत वैद्य मंडळी तिला रास्ना म्हणून वापरतात. फूल रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं. पिवळट हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेघांची चौकट-चौकट नक्षी, पाकळीची मागची बाजू पांढरी आणि मधोमध जांभळट निळी जीभ. वर सुगंध. एका दांड्यावर अशी पाच-दहा फुलं. थायलंडहून येणारी आणि लग्नाच्या स्टेजवर टोचली जाणारी जांभळी-पांढरी डेंड्रोबियम सगळ्यांना माहीत असतात, पण बांधावरच्या आंब्यावरची ही वांडा कुणाच्या नजरेत भरत नाही.

खाते कुणाचं? कुणाचंच नाही

आंब्यावरचं बांडगूळ काढावंच लागतं. ते फांदीच्या आत मुळी घुसवतं आणि झाडाचा रस पितं. पण कोयता चालवताना शेजारची आमरीही बांडगूळ समजून छाटली जाते आणि हा तिच्यावर निव्वळ अन्याय आहे. आमरी झाडाला फक्त धरून बसते. तिची मुळं सालीच्या आत जात नाहीत. पावसाचं पाणी, सालीवरची धूळ आणि कुजका पाचोळा एवढ्यावर तिचा संसार चालतो. ओळखायची खूण सोपी आहे. बांडगुळाची फांदी झाडाच्या फांदीतूनच फुटल्यासारखी दिसते आणि जोडावर गाठ असते. आमरीची पांढरी, जाड मुळं सालीवरून उघडी धावताना दिसतात, काही तर नुसती हवेत लोंबतात.

त्या मुळांवर थोडं पाणी शिंपडून पाहा. चंदेरी मूळ बघता बघता हिरवं होतं. मुळावर मृत पेशींचा एक सच्छिद्र थर असतो. कोरडा असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून तो चंदेरी दिसतो. पाणी शोषलं की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग वर येतो. म्हणजे मूळसुद्धा अन्न बनवतं. कुंडीतल्या ऑर्किडला पाणी द्यायचं की नाही, हे जाणकार याच रंगावरून ठरवतात.

रात्रीची पाळी

बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात. वऱ्हाडच्या उन्हात झाडाच्या टोकाला बसून असं केलं तर दोन दिवसांत वाळून जायची वेळ. वांडा दिवसा रंध्रं मिटून घेते, रात्री गारव्यात उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि सकाळी दार बंद करून त्याच साठ्यावर अन्न शिजवते. निवडुंग आणि अननस हेच करतात.

मेळघाटातल्या जमिनीवरच्या आमऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्या उन्हाळाभर कंदाच्या रूपात मातीखाली दडतात आणि मृग बरसला की वर येतात. त्यातली नर्व्हिलिया तर आधी फूल काढते. फूल सुकून गेल्यावर एकच पान येतं. बिचाऱ्या फुलाची आणि पानाची गाठ कधी पडतच नाही.

गुलालाएवढं बी

जगात आमरीच्या सुमारे २८ हजार जाती आहेत. भारतात साडेबाराशेच्या आसपास. एवढं मोठं कुळ, पण बी गुलालासारखं बारीक. चार्ल्स डार्विननं इंग्लंडमधल्या एका साध्या रानआमरीच्या एका बोंडात ६,२०० बिया मोजून काढल्या. एका झाडाला तीस बोंडं धरली तर १,८६,००० बिया. मग त्यानं पुढचा हिशेब केला. सगळ्या बिया रुजल्या तर एकाच झाडाची पणतवंडं पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन झाकून टाकतील.

तसं होत नाही, कारण या बियांना शिदोरीच नसते. गव्हाच्या, हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी अन्न भरलेलं असतं. आमरीच्या बीत ते नाही. मग ती उगवते कशी? हे कोडं युरोपातल्या बागवानांना शंभर वर्षं सुटलं नाही. लाखो बिया पेरायच्या आणि एखादं रोप हाताला लागलं तर नशीब.

ते सोडवलं एका शिपाईगिरी करणाऱ्या तरुणानं. १८९९ साली नोएल बर्नार हा पंचवीस वर्षांचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लष्करी सेवेत होता. फाँतेनब्लोच्या जंगलात त्याला पालापाचोळ्याखाली दबलेल्या आमरीच्या जुन्या दांड्यावर बियांतून फुटलेले असंख्य बारके अंकुर दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येकात बुरशी! आमरीच्या बीला बुरशी दूध पाजते, हे तिथं पहिल्यांदा उमगलं. बर्नार १९११ साली गेला, वय अवघं ३६. आणखी वीस वर्षं मिळती तर त्यानं काय काय शोधलं असतं, हा विचार मनातून जात नाही.

पुढचं पाऊल अमेरिकेत पडलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नुडसनना वाटलं, बुरशी शेवटी देते काय, तर साखर. मग साखर आपणच द्यावी! १९२२ साली त्यांनी आगार-आगारच्या जेलीत क्षार आणि साखर घालून, काचेच्या निर्जंतुक बाटलीत, बुरशीशिवाय बिया उगवून दाखवल्या. आज नर्सरीतली जवळजवळ प्रत्येक आमरी बाटलीतून बाहेर आलेली असते. १९६० साली फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकाच्या कणभर पेशींपासून एकसारखी असंख्य रोपं करण्याची वाट दाखवली आणि राजेरजवाड्यांचं फूल मॉलच्या काउंटरवर येऊन बसलं.

चार हजार झाडं तोडली, दहा हजार आमऱ्यांसाठी

बी उगवत नव्हतं तोवर काय चालायचं? सरळ लूट. व्हिक्टोरियन इंग्लंडला आमरीचं वेड लागलं होतं. सेंट अल्बन्सचे फ्रेडरिक सँडर यांच्यासारखे व्यापारी जगभर माणसं पाठवायचे. आल्बर्ट मिलिकन नावाच्या संग्राहकानं १८९१ च्या आपल्या पुस्तकात दक्षिण अमेरिकेतली मोहीम सांगितली आहे. सुमारे १० हजार आमऱ्या खाली उतरवायच्या म्हणून ४ हजारांच्या आसपास झाडं तोडली. शिडी लावायची तसदीही नाही.

आपल्याकडेही हेच झालं. खासी टेकड्यांतली निळी वांडा १८३७ साली विल्यम ग्रिफिथ यांना सापडली. पुढे १८५० साली जोसेफ हूकर यांनी क्यूच्या बागेसाठी तिची सात माणसांची ओझी भरली. त्यांनीच लिहून ठेवलंय, इंग्लंडला जिवंत पोहोचली ती थोडकीच. आज निळी वांडा वन्यजीव संरक्षण कायद्यानं राखलेली आहे आणि आमरीच्या सगळ्याच जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत येतात.

फादरांची आमरी

महाराष्ट्राच्या आमऱ्या ज्यांनी पानापानानं, फुलाफुलानं ओळखून कागदावर मांडल्या, त्यांत एक नाव फार आदरानं घ्यायला हवं: फादर हर्मेनेगिल्ड सान्तापाव. १९०३ साली स्पेनमध्ये जन्म, तरुणपणी जेझुइट धर्मगुरू म्हणून भारतात आले आणि इथलेच झाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात १९४० पासून वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. याच कॉलेजात त्यांच्याआधी फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटानं वनस्पतिसंग्रह उभा केला होता. तो आजही ब्लॅटर हर्बेरियम म्हणून नांदतो आहे. ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन या जोडीनं मुंबई इलाख्यातल्या आमऱ्यांचा फेरआढावाही घेतला होता. सान्तापावांनी तो धागा पुढे नेला.

खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला. मग कपाडिया या विद्यार्थ्याला सोबत घेऊन त्यांनी आमऱ्यांचा पिच्छा पुरवला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये दोघांनी जातीमागून जात तपासली. जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांनी कुठं चुकीचं नाव दिलंय, कुठं एकाच आमरीला दोन नावं पडलीत, ते निस्तरत गेले. पाचगणीच्या पठारावरची हबेनारिया पंचगणिएन्सिस ही आमरी या दोघांनीच जगापुढे आणली. १९६६ साली ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं, पुढच्याच वर्षी सान्तापावांना पद्मश्री मिळाली आणि १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत ते गेले. त्याआधी बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं संचालकपदही त्यांनी सांभाळलं होतं.

एका माणसानं एवढं काम केलं याचं मोल कशात आहे? आमरी ओळखणं फार किचकट काम. सुकवून कागदावर चिकटवली की जिभेचा रंग जातो, आतले उंचवटे चपटे होतात आणि दोन जातींतला फरक नेमका तिथंच असतो. म्हणून ताजं फूल हातात घेऊन, भिंगाखाली धरून, तिथल्या तिथं टिपणं आणि चित्रं करावी लागतात. पावसात, निसरड्या कड्यावर, गोमाशा चावत असताना. वाढवणाऱ्याला आपण तज्ज्ञ म्हणतो, पण आपण काय वाढवतोय हे ज्यांनी सांगितलं ते त्याचे गुरू.

वऱ्हाडच्या माणसाला इथं थोडी रुखरुख लागते. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा मोठा वनस्पतिग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, पण वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांताला जोडलेलं, त्यामुळे आपली रानं त्या ग्रंथाच्या हद्दीबाहेर राहिली. इथल्या झाडापेडांचं सविस्तर लिखाण बरंच उशिरा झालं, तेही अमरावतीच्या प्राध्यापक मंडळींनी मेळघाट पायी तुडवल्यावर.

बागेतली एक बाई

सिंगापूरचं राष्ट्रीय फूल कोणतं? वांडा मिस जोकिम. आपल्या रास्नेच्या घराण्यातलंच म्हणायचं. १८९३ साली ॲग्नेस जोकिम या अर्मेनियन बाईंनी हे संकरित फूल सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनचे प्रमुख हेन्री रिडली यांना दाखवलं. बाई काही शास्त्रज्ञ नव्हत्या. घरच्या बागेत रमणाऱ्या होत्या. १८९९ च्या पुष्पप्रदर्शनात त्यांच्या फुलाला पहिलं बक्षीस मिळालं आणि त्याच वर्षी त्या गेल्या. १९८१ साली ते राष्ट्रीय फूल झालं.

आमरीचा पहिला संकर मात्र त्याआधीचा. इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या नर्सरीतल्या जॉन डॉमिनी या माळ्यानं दोन कॅलँथी जातींचा संकर केला आणि १८५६ साली त्याला फूल आलं. आता वनस्पतिशास्त्रज्ञ वेडे होणार, अशी काळजी नामांकित आमरीतज्ज्ञ जॉन लिंडली यांना पडली. काळजी अनाठायी नव्हती. आज नोंदणी झालेले संकर एक लाखाच्या वर आहेत.

बारा वर्षांचा मुलगा आणि तुमचं आइस्क्रीम

व्हॅनिलाची शेंग ही आमरीची शेंग. मेक्सिकोतून वेल बाहेर नेली, ती वाढली, फुलली, पण शेंग धरेना. रेयुनियाँ बेटावर १८४१ साली एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडीनं फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्यानं परागपिंड दाबून फळ धरवलं. व्हॅनिलाचं फूल एकाच सकाळपुरतं उमलतं, म्हणून आजही मळ्यांत माणसं पहाटेपासून फूल न् फूल हातानं फळवत जातात, त्याच मुलाच्या रीतीनं. मळेवाले गबर झाले. एडमंडला १८४८ मध्ये गुलामी उठली तेव्हा स्वातंत्र्य मिळालं आणि १८८० साली तो दारिद्र्यात मेला. व्हॅनिलाच्या पेल्यावर त्याचं नाव छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

फूटभर सोंडेचा पतंग

मादागास्करच्या एका पांढऱ्या आमरीला जवळजवळ फूटभर लांब नळी असते आणि मध अगदी तळाशी. १८६२ साली डार्विननं सांगून टाकलं, एवढीच लांब सोंड असलेला पतंग तिथं असलाच पाहिजे. अनेकांना ते पटलं नाही. १९०३ साली तसा पतंग नोंदवला गेला. डार्विनला जाऊन तेव्हा २१ वर्षं झाली होती.

आणि हेही: कळीत असताना आमरीची जीभ वरच्या बाजूला असते. उमलता उमलता बहुतेक जातींत फुलाचा देठ अर्धा फेरा पिळतो आणि जीभ खाली येते, भुंग्याला उतरायला ओटा तयार. परागकण सुटे उडत नाहीत, त्यांचा गोळा भुंग्याच्या अंगाला डिंकानं चिकटतो.

चांदूरच्या अंगणात जमेल का?

जमेल. पण सुरुवात फॅलेनॉप्सिसनं करू नका. दुकानात तीच सगळ्यात गोंडस दिसते, दोन-तीन महिने फूल टिकवते आणि वऱ्हाडच्या मेमध्ये पहिली तीच मान टाकते. संकरित वांडा आणि डेंड्रोबियम जास्त चिवट. वांडाला माती नको, कुंडीही नको. लाकडी पट्ट्यांची किंवा प्लास्टिकची जाळीदार टोपली, त्यात कोळशाचे चार तुकडे, मुळं मोकळी. वर निम्मी सावली देणारी हिरवी जाळी. उन्हाळ्यात सकाळी एकदा मुळं हिरवी होईस्तोवर भिजवायची आणि ऊन उतरल्यावर पुन्हा एकदा. कोंबाच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर सडतो. कुलरच्या खोलीतली दमट हवा मानवते, झोत मात्र थेट अंगावर नको.

खरा शत्रू ऊन नाही, पाणी आहे. दर्यापूर-भातकुलीच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी तर सोडाच, बऱ्याच गावांत बोअरचं पाणीही इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. तोच थर मुळांवर बसतो आणि टोकं करपतात. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी टाकीत साठवा, पहिल्या दोन सरी वाहून जाऊ द्या. खत द्यायचं तर फार पातळ करून.

जंगलातली आमरी मात्र खरवडून आणायची नाही. ते कायद्यानंही चुकीचं आणि अशी आणलेली आमरी जगतही नाही. सालीवर पसरलेली मुळं ओढताना तुटतात आणि झाड महिनाभर तग धरून सुकतं. रोप घ्यायचं ते बाटलीत वाढवलेलं, नर्सरीतलं.

एक प्रसंग मात्र वेगळा. मृगाच्या वादळात आपल्याच बांधावरच्या आंब्याची फांदी मोडून पडते आणि तिच्यावर वांडा असते. ती फांदी चुलीत घालू नका. आमरी बसलेला सालीचा तुकडाच कापून घ्या, मुळांना हात लावू नका. त्याच आंब्याच्या खडबडीत खोडावर, पूर्वेच्या बाजूला, उभ्यानं टेकवून काथ्याच्या दोरीनं घट्ट आवळा. तार किंवा खिळा नको. पावसाळाभर ती तिचं ती पाहते. पाऊस उघडला की आठवड्यातून दोन-तीनदा फवारा मारा. नव्या मुळाचं हिरवं टोक सालीवर चिकटून पुढे सरकताना दिसलं, की दोरी कापून टाकायला हरकत नाही.